जिनिव्हात विचारलेला प्रश्न ट्रॉम्बेलाही विचारायला हवा

१० जुलै २०२४ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. धक्का ४.५ रिश्टरचा होता. त्याच वर्षी मार्चमध्येही असाच एक बसून गेला होता. वसमत, कळमनुरी, औंढा या तालुक्यांतल्या गावांना आता याचं नवल राहिलेलं नाही. आधी जमिनीच्या पोटातून गुरगुर ऐकू येते, मग मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, लोक लेकरंबाळं घेऊन अंगणात येतात आणि तासाभरानं कामाला लागतात. किल्लारी ज्यांनी पाहिली ते मात्र त्या रात्री घरात झोपत नाहीत. आणि पारावर कुणी ना कुणी हमखास म्हणतो, "कुठं तरी बॉम्बची चाचणी झाली असंल." मे २०२५मध्ये पाकिस्तानात लहान-मोठे भूकंप झाले तेव्हा तर व्हॉट्सॲपनं किराना टेकड्यांतला अख्खा अणुसाठा उडवून दिला. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झालेला नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं सांगितलं. ते फॉरवर्ड करायला कुणाला वेळ झाला नाही.

पारावरच्या या समजुतीला हसू नये. तिच्या मुळाशी असलेला हिशेब १९९०च्या आसपासपर्यंत चोख होता. बॉम्ब बनवायचा तर फोडून बघावा लागतो, फोडला की जमीन हलते, जमीन हलली की जगाला कळतं. चाचणीबंदीची सगळी जागतिक व्यवस्था याच हिशेबावर उभी आहे. तो हिशेब आता चुकायला लागलाय. अण्वस्त्रांवरचं बरंचसं महत्त्वाचं संशोधन आज अशा प्रयोगशाळांत चालतं, ज्यांची चाहूल पलीकडच्या गावालाही लागत नाही. या पळवाटेवर १९९६मध्ये चाचणीबंदी कराराच्या वाटाघाटींत भारतानंच जिनिव्हात बोट ठेवलं होतं. दोन वर्षांनी भारत स्वतः त्याच वाटेला लागला आणि तेव्हापासून गप्प आहे. ही गप्पगिरी आता सोडावी, एवढंच मला म्हणायचं आहे. पण त्यासाठी हे प्रयोग काय असतात ते आधी बघावं लागेल.

भूकंप आणि स्फोट यांतला फरक ओळखता येतो. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून घसरतात. त्यामुळे काही केंद्रांवर पहिला धक्का वरच्या दिशेचा नोंदला जातो, काहींवर खालच्या, आणि मागून येणाऱ्या आडव्या लहरी जोरकस असतात. स्फोट सगळ्या बाजूंना एकसारखा ढकलतो, म्हणून पहिला धक्का सगळीकडे बाहेरच्या दिशेचा आणि आडव्या लहरी दुबळ्या. १९९६च्या सर्वंकष चाचणीबंदी करारानं यासाठी जगभर ३३७ केंद्रांचं जाळं ठरवलं. करार अजून अमलात आलेला नाही, पण जाळं काम करतंय; उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या त्यानं पकडल्या. कर्नाटकात गौरीबिदनूरला आपल्या अणुऊर्जा खात्याचे भूकंपमापक १९६०च्या दशकापासून दुसऱ्यांच्या स्फोटांकडे कान लावून बसले आहेतच.

पण या जाळ्याची मर्यादा कुठं आहे, ते पोखरणनंच दाखवलं. ११ मे १९९८चे स्फोट जगानं ५.२च्या भूकंपासारखे नोंदले. १३ मेला आणखी दोन झाले, एक किलोटनाहूनही (म्हणजे हजार टन टीएनटीच्या ताकदीहूनही) छोटे. ते बाहेरच्या केंद्रांना कळलेच नाहीत. सरकारनं सांगितलं म्हणून कळलं. खराखुरा अणुस्फोट जर निसटू शकतो, तर ज्यात अणुस्फोट होतच नाही त्या प्रयोगाची नोंद कोण घेणार?

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात सँडिया प्रयोगशाळेचं 'झेड मशीन' आहे. ३३ मीटर व्यासाचं आडवं चाकच म्हणा. चाकाच्या कडेला तेलात बुडवलेले कपॅसिटरचे ३६ संच. शेतकऱ्याला कपॅसिटर नवा नाही; मोटारीचा जळला की 'कंडेन्सर गेला' म्हणत तो तालुक्याला पळतो. इथं तेच प्रचंड मोठ्या प्रमाणावर. एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्यानं १९२०च्या दशकात काढलेली युक्ती अशी, की कपॅसिटर समांतर जोडून सावकाश भरायचे आणि एका फटक्यात एकसर जोडून रिकामे करायचे, म्हणजे व्होल्टेज अनेक पटींनी चढतं. झेड मशीन पूर्ण भरायला सुमारे २२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. महावितरणच्या भाषेत सहा युनिट. पाच एचपीची मोटार दीड तास चालवली की तेवढी वीज जाते. पण हे सहा युनिट सेकंदाच्या एक कोटीव्या भागात सोडले, की २ कोटी ६० लाख अँपिअरचा प्रवाह मधल्या, दोऱ्याच्या रिळाएवढ्या जागेत धावतो आणि त्या क्षणापुरती ही शक्ती जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या वर जाते. यालाच पल्स्ड पॉवर म्हणतात.

त्या रिळाएवढ्या जागेत केसाहून बारीक अशा टंगस्टनच्या शेकडो तारा उभ्या ताणून लावल्या असतील, तर त्यांची क्षणात वाफ होते, प्रवाहाचंच चुंबकीय क्षेत्र ती वाफ मध्यावर आवळतं आणि एक्स-किरणांचा लोट निघतो. तारांऐवजी धातूची चकती ठेवली तर तीच चुंबकीय ताकद तिच्यावर लाखो वातावरणांचा दाब टाकते. या चकत्यांत प्लुटोनियमही असतं. प्रयोग होतो तो गुंजभर धातूवर. त्यात साखळी प्रक्रिया होत नाही, म्हणून करारानं बंदी घातलेला अणुस्फोट हा ठरत नाही.

हा खटाटोप कशासाठी? प्लुटोनियम हा फार लहरी धातू आहे. तापवत नेला तर वितळण्याआधी तो सहा वेगवेगळी स्फटिकरूपं घेतो आणि दरवेळी त्याची घनता बदलते. थोडं गॅलियम मिसळून त्याला आवरावं लागतं. शिवाय तो किरणोत्सारी, त्यामुळे त्याच्या अंगातच हेलियम साचत जातो. अमेरिकेनं शेवटची अणुचाचणी २३ सप्टेंबर १९९२ला केली आणि तिच्या बॉम्बमधले प्लुटोनियमचे बहुतेक गाभे त्याच्याही आधीचे. चाळीस वर्षं कोठारात पडलेला गाभा वेळ आली तर ठरल्यासारखाच वागेल का, हा प्रश्न त्यांना पडला. मोजमापं झाली, संगणकी प्रारूपं झाली आणि २००६मध्ये जेसन या सल्लागार शास्त्रज्ञांच्या गटानं निष्कर्ष दिला की बहुतेक गाभे किमान १०० वर्षं टिकतील.

इथवर मला हे प्रयोग पटतात. नेवाडाच्या वाळवंटात पुन्हा अणुस्फोट करून विवर खणण्यापेक्षा कपॅसिटर भरलेले कधीही बरे. पण जुना गाभा नीट आहे हे सांगणारी आकडेवारी नवा गाभा बनवणाऱ्याच्याही तितकीच कामाची असते. तसंच झालं. डब्ल्यू८७-१ या नव्या अस्त्राचा, वापरासाठी पसंत ठरलेला पहिला गाभा अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेनं २०२४मध्ये तयार केला, आणि हे अस्त्र एकही अणुस्फोट न करता सैन्याच्या हवाली करायचं ठरलेलं आहे. 'देखभाल' म्हणून सुरू झालेलं काम नवं घडवण्यावर येऊन पोचलं. डिसेंबर २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेझर केंद्रात अणुकेंद्रकांच्या संमीलनातून दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, तेव्हा आपल्या वाहिन्यांवर दिवसभर 'अमर्याद स्वच्छ वीज' चालली. त्या केंद्राचा पैसा अण्वस्त्रांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडून येतो, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

पल्स्ड पॉवरच्या या विद्येचा इतिहास मात्र मोठा गमतीचा आहे. स्फोटकांनी चुंबकीय क्षेत्र चेपून प्रचंड प्रवाह काढायची कल्पना सोव्हिएत बाजूला १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली ती आंद्रेई साखारोव्ह यांनी, जे हायड्रोजन बॉम्ब बनवून पुढं शांततेचं नोबेल घेणार होते. अमेरिकेत लॉस अलामॉसला तेच काम वेगळं चालू होतं. सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९३मध्ये, किल्लारीच्याच वर्षी, या दोन्ही बॉम्बघरांचे शास्त्रज्ञ रशियातल्या सारोव्ह या बंदिस्त शहरात एकत्र बसून हेच प्रयोग करू लागले. ज्यांनी जन्मभर एकमेकांवर टाकायचे बॉम्ब घडवले, त्यांना बोलायला सापडलेला पहिला समान विषय हा होता. काही वर्षं ते चाललंही. आज तसं काही उरलेलं नाही; रशियानं २०२३मध्ये चाचणीबंदी कराराची मान्यताच मागे घेतली. चीनकडे मियानयांगला स्वतःचं मोठं यंत्र आहे. ऑक्टोबर २०२५च्या शेवटी ट्रम्प यांनी चाचण्या सुरू करायची घोषणा केली, आणि दोन-तीन दिवसांतच त्यांच्या ऊर्जामंत्र्यांना खुलासा करावा लागला की यात अणुस्फोट नसतील. म्हणजे चाचणी कशाला म्हणायचं, यावरच आता राजकारण चालू आहे.

हे राजकारण भारतानं फार आधी ओळखलं होतं. १९५४मध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्ब फोडला, तेव्हा एप्रिलमध्ये नेहरूंनी संसदेत चाचण्या जागच्या जागी थांबवण्याचा करार करा अशी मागणी केली. चाळीस वर्षांनी करार आला आणि जून १९९६मध्ये जिनिव्हात भारताच्या राजदूत अरुंधती घोष यांनी त्यावर सही करायला नकार दिला. कारणं एकाहून जास्त होती. अण्वस्त्रं नष्ट करायची मुदत करारात नव्हती. तो अमलात येण्याची अट अशी रचली होती की भारताच्या मानेवर सुरी राहावी. आणि हेही खरं, की आपल्याला आपला पर्याय हातचा घालवायचा नव्हता. पण या सगळ्यात एक आक्षेप निव्वळ तर्काच्या बळावर उभा होता. हा करार फक्त स्फोटांवर बंदी घालतो. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आणि संगणक आहेत ते स्फोटाविना नवी अस्त्रं घडवत राहतील, मग 'सर्वंकष' हे नाव कशासाठी? गेल्या तीस वर्षांनी हा आक्षेप अक्षरशः खरा करून दाखवलाय.

आणि मग १३ मे १९९८चं आपल्या सरकारचं निवेदन काढून वाचा. त्या दिवशीच्या दोन छोट्या चाचण्या का केल्या? संगणकी प्रारूपांसाठी जास्त माहिती मिळावी आणि गरज वाटल्यास सबक्रिटिकल प्रयोग करण्याची क्षमता यावी म्हणून. सबक्रिटिकल म्हणजे खरं प्लुटोनियम घ्यायचं, स्फोटकांनी चेपायचं, पण साखळी प्रक्रिया चालू राहील इतकं होऊ द्यायचं नाही. जिनिव्हात ज्या दारावर आपण बोट रोखलं, त्याच दाराची किल्ली पोखरणहून घेऊन आलो. मी याला ढोंग म्हणणार नाही. दोन अण्वस्त्रधारी शेजारी असलेल्या देशानं दुसऱ्यांना मिळालेली सवलत स्वतःही घ्यावी, यात व्यवहार आहे. पण त्या किल्लीनं पुढं काय उघडलं, हे विचारायचा हक्क त्यामुळे बुडत नाही.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पल्स्ड पॉवरचं काम १९८०च्या दशकापासून आहे. 'काली' ही तिथली यंत्रमालिका. तिच्यातून इलेक्ट्रॉनांचे झोत, एक्स-किरण, मायक्रोवेव्ह काढतात; काही दहा हजार अँपिअरचं काम, झेड मशीनच्या तुलनेत किरकोळ. पण नाव कालीचं पडलं आणि सरकार बोलेना, मग युट्यूबवर तिनं शत्रूची क्षेपणास्त्रं जाळली, हिमकडे कोसळवले. माहितीची जागा रिकामी ठेवली की तिथं काय उगवतं, त्याचा हा नमुना. १९६२च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १८नं सरकारला अणुविषयक माहिती रोखायचा व्यापक अधिकार दिला आणि खात्याला त्या सावलीत बसायची सवय लागली.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: चीन-पाकिस्तान शेजारी असताना असं उघडं बोलायचं नसतं. चकतीची जाडी, स्फोटकांची मांडणी, दाबाचे आकडे कुणीच मागत नाही. प्लुटोनियमवर सबक्रिटिकल प्रयोग करतो की नाही, आणि करत असलो तर ते कोठारातल्या अस्त्रांच्या खातरीसाठी की नव्या रचनेसाठी, एवढं सांगितल्यानं बीजिंगला कुठलं घबाड मिळणार आहे? अमेरिका आपले सबक्रिटिकल प्रयोग उशिरा का होईना जाहीर करते. जाहीर करते म्हणूनच हिरोशिमा आणि नागासाकीचे महापौर दरवेळी निषेधाचं पत्र धाडू शकतात. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात शेवटच्या अणुचाचणीनंतरचे दिवस मोजणारं घड्याळ आहे. सबक्रिटिकल प्रयोग झाला तरी ते शून्यावर आणतात. आपल्या प्रयोगांचं असं घड्याळ कुणाला लावायचं म्हटलं तर लावणार कशाच्या आधारावर?

दुसरं उत्तर उलट टोकाचं. २००९मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे माजी शास्त्रज्ञ के. संथानम यांनी जाहीरपणे सांगितलं की १९९८चा हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेइतका फुटलाच नाही. अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते खोडून काढलं. हा वाद मिटलेला नाही, आणि त्यातून एक मंडळी म्हणतात की कपॅसिटरचे खेळ पुरे, पुन्हा पोखरण करा. त्यांच्या म्हणण्यात एक खरा मुद्दा आहे, तो मान्य करायला हवा. अमेरिकेची संगणकी प्रारूपं हजाराहून जास्त अणुस्फोटांच्या नोंदींवर तासून घेतलेली आहेत. आपल्याकडे सहा आहेत, १९७४चा धरून. पल्स्ड पॉवरमुळे धातू दाबाखाली कसा वागतो ते कळतं. अख्खा हायड्रोजन बॉम्ब चालेल की नाही याची हमी त्यातून मिळत नाही. तेव्हा प्रयोगशाळेच्या भरवशावर आपण मेगाटनाच्या बाता मारू नयेत, हे बरोबर. पण म्हणून स्फोट करा, हे कुठून आलं? साध्या विखंडनाच्या, म्हणजे अणू फोडून चालणाऱ्या बॉम्बबद्दल आपल्याच शास्त्रज्ञांत वाद नाही. तो पंधरा किलोटनाच्या आसपासचा, म्हणजे हिरोशिमाएवढा.

पंधरा किलोटन 'फक्त' वाटत असतील तर किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला पाच मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. दगडमातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर पांढऱ्या मातीचा थर, दरवर्षी डागडुजी करून वाढवत नेलेला. ते सगळं अंगावर आलं. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास, लोक दहा हजार सांगतात. रस्ते शाबूत होते, आग नव्हती, किरणोत्सर्ग नव्हता, लातूर-उमरग्याचे डॉक्टर जिवंत होते, लष्कर आलं, देशभरातून ट्रक आले. तरी ढिगारे उपसायला दिवसामागून दिवस गेले आणि गावं पुन्हा बसवायला वर्षं. पहिला वार न करण्याचं धोरण असलेल्या देशाला शत्रूला धाक बसवायला एका शहराचं हिरोशिमा करण्याची ताकद पुरत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा किल्लारीच्या जुन्या गावठाणात फिरून यावं. नव्या चाचणीची मला गरज दिसत नाही. २००८मध्ये अणुइंधनाच्या व्यापाराची दारं उघडताना आपण चाचण्यांवरच्या स्वेच्छाबंदीचा शब्द पुन्हा दिला, तो मोडण्याची किंमतही आहेच.

उघडं काम करणं अणुऊर्जा खात्याला जमत नाही असंही नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. मंजूर खर्च २,६०० कोटी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि बांधणाऱ्यांत अणुऊर्जा खातं. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली, प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक अशी थरथर ती टिपणार. या प्रयोगाची जगभरची पद्धत अशी, की ठरावीक काळानं नोंदी सगळ्यांसाठी खुल्या होतात. उद्या हिंगोलीतली एखादी एमएस्सीची मुलगी त्या घरी बसून उतरवून घेईल. या यंत्राची सामग्री मुळात अमेरिकेत हॅनफर्डला दुसरं यंत्र उभारायला ठेवलेली होती. हॅनफर्ड म्हणजे नागासाकीवरच्या बॉम्बचं प्लुटोनियम जिथं तयार झालं ती जागा. आणि पंतप्रधानांनी लायगो-इंडियाची पायाभरणी केली ती ११ मे २०२३ला, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, म्हणजे पोखरणच्या वाढदिवशी. एकाच खात्याची एक खिडकी सताड उघडी आणि दुसरीला आतून कडी, हे मराठवाड्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मुंबईतूनही दिसत नसेल.

म्हणून मागणी इथूनच व्हावी. हिंगोली, नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव. इथल्या खासदारांनी लायगोच्या रस्त्याचं, पाण्याचं, नोकऱ्यांचं जरूर विचारावं, पण एक लेखी प्रश्न याचाही टाकावा. १३ मे १९९८च्या निवेदनात म्हटलेली सबक्रिटिकल प्रयोगांची क्षमता आजवर वापरली का? वापरली असल्यास जुन्या अस्त्रांच्या खातरीपुरती, की नव्या रचनेसाठीही? स्फोटाविना चालणाऱ्या अस्त्रसंशोधनावर मर्यादा हवी ही १९९६ची भूमिका सरकारला आजही मान्य आहे का, आणि असेल तर गेल्या तीस वर्षांत ती कोणत्या आंतरराष्ट्रीय मंचावर मांडली? तिसऱ्या प्रश्नात तर कुठलंच गुपित नाही. परराष्ट्र खात्याच्या कारकुनालाही फाइल काढून उत्तर देता येईल. पहिल्या दोन प्रश्नांना 'देशहिताच्या दृष्टीनं माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. येऊ द्या. तेही लोकसभेच्या कामकाजात छापलं जाईल, आणि जिनिव्हातलं भाषण शेजारी ठेवून ते कुणालाही वाचता येईल.